बुडणारा बोया

बुधवारी सकाळी गाठ्या घरातून निघाला तो अगदी साध्या कामाला. नातेवाईक लिहून आणायचे होते, एवढंच. खिशात दवाखान्याचा एक छापील कागद होता, कागदावर चौकोन होते आणि दर चौकोनात एकेक जिवंत माणूस भरायचा होता. आजोबांचे भाऊ, त्यांची मुलं, मुलांची मुलं. तुमच्या-आमच्यासारख्याला असा कागद दिला तर आपण मागची बाजूही भरून टाकू आणि वर दोन नको असलेले साडू फुकट देऊ. गाठ्याचे आईबाप गेले होते, आईकडचंही कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या कागदावर मात्र तीनच चौकोन भरले होते. तो, त्याची बायको आणि त्यांची लेक. त्या तिघांतलं एक कमी होऊ नये म्हणून तर बाकीचे शोधायचे होते.

लेक नऊ वर्षांची. शाळेत काय नाव असेल ते असो, घरात आणि धक्क्यावर ती चिमटी. तिच्या अंगात रक्त बनायचं थांबलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं ते इतकं लांब की मध्ये एकदा दम घ्यावा लागे. गाठ्याने ते पाठ करायचा नाद सोडला. त्याला इतकंच कळलं की हाडांच्या आतला मगज दुसऱ्या कुणाचा तरी आणून घालायचा, आणि तो दुसरा रक्तातला असेल तर आशा जास्त. त्याचा स्वतःचा जुळला नाही. बायकोचा जुळला नाही. बायकोच्या माहेरच्या सतरा जणांना त्याने हाताला धरून आणलं; त्यांतले चार सुई बघूनच पळाले, उरलेल्या तेरा जणांचाही जुळला नाही. परक्यांच्या यादीतही कुणी सापडेना. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या बाजूचं कुणी शोधा. तीन आठवडे आहेत आपल्याकडे." आपल्याकडे म्हणाल्या. बाई चांगल्या होत्या.

त्या तीन आठवड्यांतले चार दिवस संपले होते.

गाठ्या धक्क्यावर जहाजांचे तुटलेले दोर जोडायचा. दोन दोर असे विणून एक करायचा की सांधा शोधायला बोटांना डोळे फुटावेत. आणि त्याच्या घराण्याची माहिती कुठे मिळणार, तर बोयाघरात. कारण त्या किनाऱ्यावर वंशावळ कागदावर नसते, लाकडावर असते. जाळं पाण्यात उभं राहावं म्हणून त्याच्या वरच्या काठाला लाकडाचे ठोकळे बांधतात, ते बोये. कुणाचं जाळं हे कळावं म्हणून बोयावर घराची खूण. कुणाची कात्री, कुणाची शिडी, एका घराचा पक्षी आहे जो बाकी सगळ्यांना चपलेसारखा दिसतो आणि त्यावरून आजवर तीन लग्नं मोडली आहेत. गाठ्याच्या घराची खूण कंगवा. एक आडवी रेघ आणि तिला दात. घराण्यात तिशी उलटली की एकाच्याही डोक्यावर केस टिकत नाही, तेव्हा ही खूण पहिल्यांदा कोरणारा पूर्वज एकतर फार आशेवर जगणारा असावा नाहीतर महाबिलंदर.

तर रीत अशी. मूल झालं की बापाच्या खुणेची नक्कल करायची आणि पुढे आपला एक दात कोरायचा. थोरला असेल तर रेघेच्या वर, धाकटा असेल तर रेघेच्या खाली. मूल नाही तर दात नाही, मग तुम्ही कितीही शहाणे असा. जाणत्या माणसाने बोयावरून अंगठा फिरवला की अख्खं घराणं त्याला बोटाखाली वाचता येतं.

गाठ्याने पिशवीत आपल्या घरचा बोया घेतला होता. त्याच्यावर एक दात जास्त होता.

झालं होतं असं, की आठवड्यापूर्वी चिमटीला करमावं म्हणून तो हा बोया वॉर्डात घेऊन गेला होता. तिने पांघरुणावर ठेवून दात मोजले. हे पणजोबांचे बाबा, हे पणजोबा, हे आजोबा, हा तू. मग विचारलं, माझा कुठाय? त्याने रीत सांगितली. चिमटीने थोडा विचार केला आणि इतक्या सहज विचारलं, जसं काही उद्या शाळा आहे का विचारावं. "मग मला दात नाहीच येणार का रे बाबा?"

गाठ्याने खिशातून चाकू काढला आणि तिथेच कोरला. लहानसा, रेघेच्या वर. सिस्टर चाकू बघून ओरडल्या, तो माफी मागत राहिला आणि कोरत राहिला.

बोयाघर म्हणजे धक्क्याच्या टोकाला लाकडी फळ्यांची एक लांब खोली. भिंतींवर खिळे आणि खिळ्यांना शेकडो जुने बोये टांगलेले. वारा आत शिरला की ते एकमेकांवर आपटतात, आणि थंडीत एखाद्याचे दात वाजावेत तसा आवाज होतो. डांबराचा आणि भिजून वाळलेल्या लाकडाचा वास. तिथे बोयाआत्या बसायची. कुणाची सख्खी आत्या नव्हती, पण गावात एकही माणूस असा नव्हता ज्याला तिने बारशापासून टाकून बोललेलं नाही. कान तिचे सोयीने बहिरे होत.

तिने गाठ्याला आधी टोपी काढायला लावली. डोकं बघितल्याशिवाय मला घर आठवत नाही, म्हणाली. मग त्याचा बोया जवळ ओढला. गाठ्याने बोया सोडला नाही. शेवटच्या दातावर अंगठा दाबून तसाच धरून ठेवला. रीत मोडलेली या म्हातारीला दिसली असती तर संध्याकाळपर्यंत ती गोष्ट मासळीबरोबर घरोघर पोचली असती. आत्याने त्याच्या अंगठ्याकडे बघितलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि का कोण जाणे, बोट फक्त उघड्या दातांवरून फिरवलं.

तिने वाचलं. पणजोबांना दोन मुलगे. थोरला गाठ्याचा आजा, त्याला एकच मुलगा, गाठ्याचा बाप. त्यालाही एकच, गाठ्या. तुमच्या घराण्याने शिरगणतीवाल्यांना कधी त्रास दिला नाही, म्हणाली. आणि धाकटा? धाकटा विसाव्या वर्षी धुक्यात होडीसकट गेला. लग्न नाही, पोर नाही, दात नाही. मिटलं.

गाठ्याने कागद काढला होता, पेन काढलं होतं. पेन तसंच हवेत राहिलं. वाऱ्याने बोये वाजले.

आत्याने विचारलं, पोर कशी आहे. गाठ्या म्हणाला, उचलून घेतली तर हाताला कळत नाही काही उचललंय म्हणून.

बराच वेळ म्हातारी नखाने टेबलावरचं डांबर खरवडत बसली. मग हळूच म्हणाली, "दार लाव."

दार लागलं. तिने बाकाखालून एक गोणपाट ओढलं. त्यात तीन बोये होते. काळे, गुळगुळीत, कुठल्याही सुताराने न पाहिलेल्या लाकडाचे. तिन्हींवर कंगवा. पहिल्यावर पणजोबांपर्यंतचे दात गाठ्याच्या बोयासारखेच, आणि मग एक दात... खाली. धाकट्याचा.

"त्याला मूल नव्हतं," गाठ्या म्हणाला.

"बुडाला तेव्हा नव्हतं."

दुसऱ्या बोयावर त्यापुढे आणखी एक दात. तिसऱ्यावर आणखी एक. तिसरा याच वर्षी आला, आत्या सांगू लागली. धुकं पडलं आणि उतरलं, तेव्हा धक्क्याच्या पायरीवर पडलेला होता. पहिला तिच्या आईला सापडला होता, दुसरा तिला स्वतःला, तेव्हा तिचे केस काळे होते. आईने बजावलं होतं, कुणाला दाखवायचे नाहीत, परतही टाकायचे नाहीत, उत्तर तर मुळीच द्यायचं नाही. गाठ्याने तिसऱ्यावरून बोट फिरवलं. शेवटच्या दाताच्या कडा नव्या होत्या, टोचत होत्या. म्हणजे आपल्याच वयाचा कुणीतरी. आपल्याच पणजोबांचा पणतू. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटलीच नाही. त्याला कागदावर एक चौकोन भरलेला दिसत होता.

"कुठल्या किनाऱ्याला राहतात हे?"

आत्याने कोपऱ्यातली पाण्याची बादली पायाने पुढे सरकवली आणि तिसरा बोया त्यात सोडला. बोया दगडासारखा खाली गेला. तळाला टेकला आणि तिथे हलके हलके डुलायला लागला, वरच्या पाण्यावर बोया डुलतो ना, अगदी तसा.

दोघंही बघत राहिले. आता सांगा, बुडणारा बोया कुणी कशाला करेल? जाळं वर उचलून धरायचं म्हणून बोया. ज्याचं वर म्हणजे खाली असेल, त्याचं जाळं कुठल्या बाजूला तोंड करून उभं राहत असेल, आणि त्यात काय धरत असतील?

गाठ्याने हा विचार केला नाही. तुम्हीही केला नसता. त्याने विचारलं, बोलावणं पाठवता येईल का?

बोलावणं म्हणजे त्या किनाऱ्यावरची जुनी पद्धत. दूरच्या भाऊबंदाची गरज पडली तर त्याचा बोया आणि आपला बोया एकत्र बांधून पाठवायचे. ज्याला मिळाले त्याने हातातला घास टाकून यायचं. आणि पुढे कधी त्याचं बोलावणं आलं तर बोलावणाऱ्याने जायचं. बोलावणारा कोण, तर आपल्या बोयावरचा शेवटचा दात ज्याचा, तो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाठ्यालाही ठाऊक होतं. पण सतरा दिवस उरले होते, आणि अंगठा इतका वेळ दाबून ठेवला होता की त्याखाली काय आहे हे त्याचा तोच विसरला होता.

"उलट बोलावणं येईल, गाठ्या," आत्या म्हणाली. "आल्याशिवाय राहायचं नाही."

"जाईन की मी."

"बघ हं..."

"आत्या, मी जाईन."

दुपारी भरती सरली तेव्हा त्याने होडी काढली. बंदराच्या तोंडाशी दोन्ही बोये एका दोराने बांधले. आयुष्यात घातला नसेल असा पक्का सांधा घातला, आणि पाण्यात सोडले. काळा लगेच गेला. गाठ्याचा मात्र क्षणभर वर राहिला, हेलकावला, आणि मग गर्दीत कुणी आपल्याला दंडाला धरून न्यावं तसा खाली गेला. बुडबुडाही आला नाही.

पाच दिवस काही झालं नाही. गाठ्या दवाखान्यात आणि धक्क्यावर येरझारा घालत राहिला. चिमटीने बोया मागितला, त्याने सांगितलं दुरुस्तीला दिलाय. बायको म्हणाली, अहो, तुम्ही काहीतरी लपवताय. तो म्हणाला, टक्कल तर लपवत नाही ना. ती हसली नाही. त्यालाही हसू आलं नाही.

सहाव्या दिवशी धुकं पडलं. खिडकीबाहेरचा रस्ता पुसल्यासारखा गेला. गाठ्या औषधं घेऊन वर आला तर मोठ्या सिस्टर जिन्यातच भेटल्या, चेहरा नुसता उजळलेला. तुमचे भाऊ येऊन गेले की! नमुना देऊन गेले. फार शांत माणूस. पाणी विचारलं तर म्हणाले इथे नको, इथलं कोरडं असतं. काय विनोदी हो. फक्त खुर्ची भिजली, बाहेर पाऊस आहे का?

पाऊस नव्हता.

नमुना जुळला. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा तपासला आणि गाठ्याला सांगितलं की सख्ख्या भावंडांतही इतकं जुळत नाही. मग नव्या मगजाला जागा व्हावी म्हणून औषधांनी चिमटीचं अंग रिकामं करायला घेतलं. तिचे केस गेले. गाठ्याने तिच्याशेजारी आरशात आपली टोपी काढली, म्हणाला आता खरी घराण्याची शोभलीस. तेव्हा मात्र ती हसली. ओठ सुकून फाटले होते, हसताना रक्त आलं.

नेमलेल्या दिवशी पुन्हा धुकं. दुपारी दोनपर्यंत सगळं उरकलं होतं. चिमटीच्या हातात नळी होती, नळीतून लाल थेंब जात होते, आई उशाशी बसली होती. गाठ्या बाहेर आला. व्हरांड्याच्या टोकाला बाकावर एक माणूस बसला होता.

अगदी साधा माणूस. अंगात जुना स्वेटर, डोक्यावर केस नाही. नाक गाठ्याच्या बापाचं. बाकाखाली पाणी साचत होतं, आणि त्याच्याजवळ गेल्यावर वास आला तो मासळीचा नव्हे, सडल्याचाही नव्हे. पाऊस थांबल्यावर दगडाखालच्या मातीला येतो तसा, गार.

"दादा," तो उठून म्हणाला. थोरल्या शाखेचा मान ठेवून. "बोलावणं मिळालं. आलो."

गाठ्याला वाटलं होतं आपण किंचाळू. पण त्याने त्या माणसाचे पाय धरले. ओले, गार पाय. रडत तो काहीबाही बोलत राहिला, तुमचे उपकार, सात जन्म, असलं सगळं. त्या माणसाने त्याला खांद्याला धरून उठवलं.

"उपकार कसले? आपलंच माणूस. आज आम्ही आलो. उद्या आम्ही बोलावू, तेव्हा ती येईल."

"मी येईन," गाठ्या म्हणाला. "बोलावलं मी. मी येईन."

तो माणूस जरा गोंधळलेला दिसला. एखाद्याने हिशेब चुकीचा सांगितला तर सभ्य माणूस अवघडतो ना, तसा.

"पण दादा... शेवटचा दात तिचा आहे."

गाठ्याच्या अंगठ्याला त्या क्षणी लाकूड आठवलं.

"नऊ वर्षांची आहे ती," तो कसाबसा म्हणाला. "चुकून कोरला. रीत मोडली मी... माझी चूक..."

"छान कोरलाय," तो माणूस म्हणाला. "आमच्याकडे सगळ्यांना दाखवला. घाई नाही, दादा. खाली घाई कुणालाच नसते."

आणि तो जिना उतरून गेला. गाठ्या मागोमाग धावला. ओली पावलं दरवाजाकडे गेलीच नव्हती. ती तळघराकडे, पाण्याच्या टाकीच्या झाकणापाशी गेली होती, आणि झाकणाला कुलूप होतं.

चिमटी बरी झाली. अशी बरी की डॉक्टरीणबाईंनी दोनदा तिचा फोटो काढला. गाठ्याने घर विकलं, होडी वाटून टाकली, बोयाआत्याचा निरोपही घेतला नाही, आणि बायको-पोरीला घेऊन बसने दिवसभर आत, उंचावर, एका कोरड्या गावात आला. तिथे आठवड्यातून दोनदा नळाला पाणी, विहिरींना तळ दिसलेला, समुद्र म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरातलं चित्र. गाठ्याला ट्रकांवर दोर आवळायचं काम मिळालं. लोकांनी विचारलं समुद्र सोडून इथे कशाला, तर तो म्हणायचा, मासे बघून कंटाळलो. लोक हसायचे. रात्री तो चिमटीच्या हाताला स्वतःचा हात बांधून झोपायचा, आणि सांधा असा घालायचा की सकाळी बायकोला कात्री घ्यावी लागे.

चिमटीचे केस परत आले. दाट, काळे, कमरेपर्यंत. अकरा महिन्यांत. आई रोज संध्याकाळी ते पुसून कोरडे करून वेणी घालायची, आणि रोज सकाळी वेणी ओली असायची. घाम येतो पोरीला, आई म्हणायची. गाठ्या रात्री सांधा आणखी पक्का घालायचा.

एका सकाळी त्या गावात धुकं पडलं. भर उन्हाळ्यात. म्हातारी माणसं दारात येऊन बघत उभी राहिली, जन्मात असं पाहिलं नाही म्हणाली. आई अंगणातल्या पिंपातून पाणी काढायला गेली आणि तिचा तांब्या आत कशावर तरी आपटला. तिने गाठ्याला हाक मारली.

पिंपाच्या तळाला दोन बोये होते. एक काळा, एक त्याचा. दोर नवा होता. सांधा हुबेहूब त्याच्या हातचा, फक्त पीळ उलट्या बाजूने घातलेला.

गाठ्याने ते बाहेर काढले, दोर कापला, काळा बोया घणाने फोडून तुकडे भिंतीपलीकडे फेकले. मग शेजारच्या सुताराकडून रंधा आणला, आपला बोया अंगणातल्या फळीवर दाबून धरला आणि शेवटचा दात तासायला लागला. एक साल निघालं. त्याखाली दात तसाच. दुसरं साल, दात तसाच. तो तासत राहिला. हाताला फोड आले, फुटले. बोया पातळ होत होत फळकुट झाला, फळकुटाची पट्टी झाली, आणि प्रत्येक सालावर तो लहानसा दात होता, रेघेच्या वर, त्याच्याच हाताने वॉर्डात कोरलेला. बायको दारात उभी राहून रडत होती आणि आपण का रडतोय हे तिला ठाऊक नव्हतं. शेवटी हातात धरायलाही काही उरलं नाही. अंगणभर नुसती सालं.

चिमटी पायरीवर येऊन बसली होती. वेणी सुटलेली, केसांतून पाणी ठिबकत होतं. तिने वाकून सालं गोळा केली, ओंजळभर, आणि शेजारच्या बादलीत टाकली. तिच्या बापाच्या घरचं लाकूड ते, वर्षानुवर्षं जाळी तोललेलं, हलकं. एकेक साल पाण्यावर टेकलं आणि सरळ तळाला गेलं. एकही तरंगलं नाही. खाली जाऊन ती सगळी हलके हलके डुलायला लागली.

चिमटी बादलीवर वाकून बघत होती. चेहरा अगदी समाधानी.

"बघ बाबा," ती म्हणाली. "सगळी वर गेली."